विहिरीबद्दल विचारणारे साहेब

अंबडच्या कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडखाली माझं टायपिंगचं टेबल होतं. आधी मशीन होतं, मग कॉम्प्युटर आला. काम तेच राहिलं. शपथपत्रं, मुदतीचे अर्ज, वकीलपत्रं. दुपारी कोर्ट जेवणासाठी उठलं की आवार निवांत व्हायचं. वकील डबे उघडायचे, पक्षकार सावली बघून आडवे व्हायचे आणि वरचा तापलेला पत्रा मधूनच टिक् करून वाजायचा. त्या तासाभरात मी डोळे उघडे ठेवून झोपायला शिकले होते. समोरचं सगळं दिसायचं, पण पाण्याच्या तळाशी पडलेली भांडी दिसतात तसं, हलत, जरा लांबून.

अशाच एका दुपारी मास्तर येऊन बसले होते. कधी आले, किती वेळ बसले, मला ठाऊक नाही. भान आलं तेव्हा समोरच्या खुर्चीवर एक उंच, वाळकासा म्हातारा माणूस मांडीवर कापडी पिशवी धरून शांत बसला होता. डोक्यावर पांढरी टोपी, सदऱ्याच्या खिशाला दोन पेनं. मी ओशाळून काय काम आहे म्हणून विचारलं.

"झोपू द्यावं म्हणलं," ते म्हणाले. "काम काय पळून चाललं न्हाई. चौदा वर्षं झाले, जागच्या जागी हाय."

ते शहागडच्या एका उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. काम त्यांच्या बहिणीच्या शपथपत्राचं होतं आणि ते जाणार होतं दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात. माझ्या टेबलावरचे कागद तोवर जालन्याला गेले होते, फार तर हायकोर्टाच्या खंडपीठापर्यंत. दिल्लीचं नाव ऐकून मी सावरून बसले. मास्तर म्हणाले की इंग्रजी तिकडचे वकील करतील, पण आधी मराठीत पाहिजे, आणि माझी बहीण बोलते तसंच पाहिजे. वकिली भाषा घातली, तर वाचून दाखवल्यावर ती अंगठा देणार नाही.

प्रकरण एका विहिरीचं होतं. मास्तरांच्या वडिलांनी जाण्याआधी काही वर्षं गोदावरीच्या बाजूची जमिनीची एक पट्टी आणि तिच्यातली विहीर थोरल्या मुलीला तोंडी देऊन टाकली होती. तिचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, ती माहेरीच राहायची. कागद काही केलेला नव्हता. वडील गेले आणि चुलतभावाने दावा लावला, की जमीन सामाईक आहे आणि असं देणं कधी झालंच नाही. अंबडला बहीण जिंकली, जालन्याला हरली, खंडपीठातही हरली. मग मास्तरांनी दिल्ली गाठली. चुलतभावाचं घर त्याच बोळात, चार दारं सोडून. येता-जाता सलाम होत असे, फक्त एकमेकांच्या घरात पाय टाकणं थांबलं होतं.

दिल्लीची हकीकत त्यांनी त्या दुपारी मला सांगितली आणि पुढे कितीदा तरी सांगितली. जालन्याहून रेल्वेत बसले, दुसऱ्या दिवशी उतरले. एवढं मोठं आवार, की आपण चालतोय आणि इमारत तिथेच आहे असं वाटावं. आत सगळे हळू बोलत होते. त्यांची फाईल पुकारली गेली तेव्हा तीन न्यायमूर्तींपैकी मधले, जाड भिंगांचा चष्मा असलेले, कागद बाजूला सारून म्हणाले, या विहिरीचं पाणी सध्या कोण काढतं?

दोन्हीकडचे वकील पानं उलटू लागले. मास्तर मागे, लोकांसाठी ठेवलेल्या जागेत होते. इंग्रजी कळत होतं. कसं झालं ते त्यांनाही सांगता येत नाही, पण ते उभे राहिले आणि म्हणाले, मेरी बहन, साहब. कोणीतरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून खाली बसवू लागलं. न्यायमूर्तींनी नुसता तळहात वर केला आणि विचारलं, अब भी? मास्तर म्हणाले, रोज.

एवढंच. न्यायमूर्तींनी काहीतरी लिहिलं आणि विहिरीच्या वापराबद्दल शपथपत्र द्या असा हुकूम झाला.

"चौदा वर्षांत समद्यांनी कागदच विचारले, बेटा," मास्तर म्हणाले. "पाण्याबद्दल विचारणारा हा पहिलाच माणूस."

दोन दिवसांनी मी शहागडला गेले. मी वडीगोद्रीची, त्यामुळे बस तशी रोजचीच, फक्त उलट्या दिशेची. हायवेवर ट्रकांची रांग लागलेली होती, पण बोळात शिरलं की आवाज मागे पडायचा, जणू कोणी जाड पडदा ओढून घेतला असावा. मास्तरांची बहीण, जिला ते आपा म्हणायचे आणि पुढे मीही म्हणू लागले, मला घेऊन थेट विहिरीवर गेली. नदीकडून गार वारा येत होता. ऊस उभा होता, त्याची पानं एकमेकांना घासत होती आणि त्या आवाजात आपा बोलत होती. मी वहीत लिहीत होते.

"बाप बोल्ले, ही विहीर तुझी. मी बोल्ले, बरं. दुसऱ्या दिवशी माझा दोर बांधला. तवापासून पाणी काढून राह्यले."

मी म्हटलं, अजून काही? ती म्हणाली, अजून काय असतं.

मग तिने दोर माझ्या हातात दिला. तहान लागली असेल तर काढ म्हणाली आणि स्वतः काठावर बसून राहिली. मी पोहरा सोडला. खालून उशिरा आवाज आला. आमच्या घरात आजी सांगायची, की तिच्या लहानपणी गावच्या विहिरीपाशी घागर खाली ठेवून उभं राहायचं, कोणी वरून पाणी ओतेल तेव्हा न्यायचं. मी तशी कधी उभी राहिले नाही. आमच्या गल्लीत नळ होते, विहार होता, विहाराच्या कपाटात संविधानाची जाडजूड प्रत होती, आणि मी ती वाचायच्या आधी तिच्यावर डोकं ठेवून झोपलेली आहे. पण दोर ओढताना तळहातांना जो काच लागत होता, तो मला बराच वेळ सोडेना. पोहरा वर आला. पाणी गार होतं, किंचित मचूळ. आपाने विचारलं, कसं आहे? मी म्हटलं, गोड आहे. ती हसली आणि म्हणाली, शपथेवर असं खोटं लिहू नको.

शपथपत्र दीड पानाचं झालं. तिला वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि अंगठा दिला.

त्यानंतर उन्हाळा गेला. एक दिवस मास्तर पुन्हा टेबलासमोर दिसले. या वेळी मी जागी होते. ते म्हणाले की दिल्लीच्या वकिलांचा फोन आल्ता. साहेब पासष्टचे झाले, निवृत्त झाले. आपलं शपथपत्र त्यांच्या हाती पडलंच नाही. आता दुसरं पीठ, पुन्हा पहिल्यापासून, आणि तारीख कधी ते कोणी सांगू शकत नाही.

मास्तरांनी पिशवीतून एक छापील फॉर्म काढला आणि टेबलावर ठेवला. जालन्याच्या लॉ कॉलेजचा प्रवेश अर्ज होता. ते म्हणाले, "मी नाव घालून राह्यलो. शिकवून शिकवून थकलो, आता शिकतो. तुम्ही बी घाला. दुसऱ्यांचे कागद किती दिवस टाइप करणार?"

मला हसू आलं होतं. बी.ए. होऊन मला सोळा वर्षं झाली होती. घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, तू झोपेत बोलतेस तेसुद्धा कलमं बोलतेस, जा की. असं माझं नाव लागलं.

कॉलेजमध्ये आम्ही दोघं शेवटच्या बाकावर. बाकीची पोरं-पोरी विशी-बाविशीची. ती मास्तरांना आधी दबकून असायची, मग त्यांच्याकडून नोट्स घेऊ लागली, कारण मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं. परतीची बस जालन्याहून दुपारी निघायची. कारखान्यांची धुरांडी मागे पडली, की दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा लागायच्या, मग कापूस, मग नुसतंच माळरान. खिडकीतून ऊन मांडीवर पडायचं. मास्तर पुस्तक उघडून काहीतरी वाचायचे, मी ऐकता ऐकता कुठेतरी जायची. एकदा ते मुस्लिम कायद्यातलं हिब्याचं, म्हणजे बक्षीस देण्याचं, प्रकरण वाचत होते. तोंडी बक्षिसाला तीन गोष्टी लागतात: देणाऱ्याने देतो म्हणणं, घेणाऱ्याने घेतो म्हणणं आणि ताबा. मी अर्धवट झोपेत होते, आणि उसाच्या पानांचा आवाज आला, आणि आपा म्हणाली, बाप बोल्ले ही विहीर तुझी, मी बोल्ले बरं, दुसऱ्या दिवशी माझा दोर बांधला. मी खाडकन उठून बसले. मास्तरांना सांगितलं, आपाने तिन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत. कोणीही न शिकवता.

मास्तरांनी बोट ठेवून पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "बापानं बी कुठं वाचलं नसंल हे."

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात कॉलेजने वादविवाद स्पर्धा ठेवली. विषय फळ्यावर लिहिला गेला: सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचा कार्यकाळ वाढवावा आणि त्यांची संख्याही वाढवावी. पोरांनी माना वळवून मास्तरांकडे पाहिलं. त्यांची केस सगळ्यांना माहीत होती. वर्गावरच्या मॅडमनी चिठ्ठ्या काढायला लावल्या. माझ्या चिठ्ठीत 'बाजूने' होतं. मास्तरांनी त्यांची चिठ्ठी उघडली, नीट घडी केली आणि खिशात पेनांच्या मागे ठेवली. 'विरुद्ध.'

मॅडम म्हणाल्या, अदलाबदल करून घ्या हवी तर. मास्तर नको म्हणाले. चिठ्ठी निघाली ती निघाली.

महिनाभर आम्ही बसमध्ये तयारी केली. विचित्र तयारी होती ती, एकमेकांविरुद्ध आणि एकाच बाकावर. मी माझे मुद्दे मांडायची. देश नवा होता तेव्हा तिथे आठ न्यायाधीश होते. माणसं वाढली, खटले वाढले, कायदे वाढले, न्यायाधीश वाढले पण पुरेसे नाहीत. पासष्ट हे काही जाण्याचं वय नाही. चाळीस वर्षं वाचून, ऐकून माणूस कुठे पिकतो आणि नेमका तेव्हाच आपण त्याला हार घालून घरी पाठवतो. दुसऱ्या देशात तर मरेपर्यंत बसतात. मास्तर ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, बराबर. मग स्वतः त्याच्यावर काय बोलणार ते मात्र सांगायचे नाहीत.

मला ठाऊक होतं की माझ्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा त्यांच्याच पिशवीत आहे. तो वापरावा की नाही, यावर मी कितीतरी दिवस अडले. रात्री नाही, कॉलेज नसेल त्या दिवशी, भर दुपारी, टाइप करता करता माझी बोटं थांबायची. शेवटी एकदा अंबड आणि वडीगोद्रीच्या मध्ये मी धीर करून विचारलं, चाचा, तुमची गोष्ट सांगू का? तोवर मी त्यांना मास्तर म्हणत होते. आपण चाचा म्हणालो, ते बोलून गेल्यावरच माझ्या लक्षात आलं.

"सांग," ते म्हणाले. "बिलकुल सांग. पण बराबर सांग. साहेबांनी तळहात वर केल्ता, बोट न्हाई. लोक बोट सांगतात."

स्पर्धेच्या दिवशी कॉलेजचा हॉल भरला होता. परीक्षक म्हणून जिल्ह्यातले एक निवृत्त न्यायाधीश आले होते. खिडक्यांना हिरवे पडदे होते आणि ते उन्हात असे भरून आले होते, की सगळ्यांचे चेहरे हिरवट दिसत होते. मी बोलायला उभी राहिले. सुरुवातीचे मुद्दे कसे गेले ते आठवत नाही. मग मी विहिरीवर आले. दिल्लीचा तो हॉल मी कधीच पाहिलेला नाही, पण बोलताना मला तो दिसत होता: उंच छत, खाली पुटपुटणारी माणसं, मागे उभा राहिलेला एक मास्तर, आणि वर झालेला तळहात. नाव घेतलं नाही. एका गावातली एक बाई, एवढंच म्हटलं. विचारणारा माणूस वय झालं म्हणून उठून गेला आणि बाईचं उत्तर टेबलावरच राहिलं, असं म्हणून मी थांबले. मी मास्तरांकडे पाहायचं टाळून खाली आले.

मग मास्तर उठले. त्यांनी हातात कागद घेतला नाही. कॉलेजात नेहमी नीट पुस्तकी मराठी बोलणारे मास्तर त्या दिवशी घरच्या बोलीत बोलले.

आधी संख्येबद्दल बोलले. माणसं वाढवा, पण वाढवणारा कोण ते आधी विचारा, म्हणाले. आमच्या बोळात भांडण मिटवायला पाच पंच बसवले होते, समोरच्या पक्षाने दोन वाढवले, दोघेही त्यांच्याच घरचे. पोरं हसली. परीक्षकही हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी हसू विरेपर्यंत वाट पाहिली.

"आत्ता ज्या बाईची गोष्ट झाली, ती माझी बहीण हाय," ते म्हणाले. "साहेब घरी गेले तवा मी तिला बोललो, आपा, त्यांना अजून दोन वर्षं भेटले असते तर आपलं काम झालं असतं. ती बोलली, त्यांला बी घर असंल ना रे. किती दिवस दुसऱ्याच्या विहिरीपाशी बसवून ठेवायचं माणसाला?"

मास्तर परीक्षकांकडे वळले.

"मी लई दिवस त्या साहेबांची वाट पाह्यली. मंग माझ्या ध्यानात आलं, मी न्यायाची वाट पाहून राह्यलोच न्हाई. मी एका भल्या माणसाची वाट पाहून राह्यलो. भला माणूस तर जाणारच. पासष्टला जाईल न्हाईतर सत्तरला. तो गेल्यावर बी काम झालं पाह्यजे. तसं झालं तरच ते कोर्ट, न्हाईतर मंग ती नुसती एका माणसाची बैठक."

एवढं बोलून ते बसले. वेळेची घंटा वाजायला अजून अवकाश होता. घंटेपाशी बसलेल्या मुलीचा हात तसाच राहिला.

पहिला क्रमांक मला मिळाला. का, ते मला आजही कळलेलं नाही. परीक्षकांनी भाषणात म्हटलं की वेळेचं बंधन, मुद्द्यांचा क्रम, आकडे वगैरे. मास्तर दुसरे आले. मला काचेच्या चौकटीतली संविधानाची उद्देशिका मिळाली, त्यांना एक पेन. परतीच्या बसमध्ये ती चौकट मांडीवर घेऊन मी बसले होते. काचेत बाहेरची झाडं उलटी पळत होती. मला वाटत होतं की मी त्यांचं काहीतरी उचललं आणि त्यावर बक्षीस घेतलं. अंबड सोडल्यावर मी तसं बोलून टाकलं.

मास्तर नवं पेन तळहातावर उमटवून बघत होते. ते म्हणाले, "तू माझ्यापेक्षा चांगली सांगितली. मी सांगतो तवा मला मधीच भरून येतं. म्हणून मी कधी शेवटापर्यंत सांगितलंच न्हाई कोणाला." मग म्हणाले की तुझंही खरं आहे. माणसं वाढली असती तर आपाचा नंबर लवकर आला असता. आज विरुद्ध बोललो, पण मत द्यायचं असतं तर वाढवा म्हणूनच दिलं असतं. वय मात्र तेवढंच ठेवलं असतं. मी म्हटलं, मग मीही तसंच. आणि आम्ही दोघं हसलो, कारण महिनाभर भांडून आम्ही एकाच ठिकाणी उतरलो होतो.

तारीख त्याच्या पुढच्या पावसाळ्यात लागली. या वेळी दिल्लीला जायची गरज नव्हती, वकिलांनी मोबाइलवर लिंक पाठवली होती. मी सकाळीच शहागडला गेले. आपाच्या अंगणात बाज टाकली होती, बाजेवर उशी, उशीला टेकवलेला मोबाइल. नदीवर धुकं नव्हतं पण ढग इतके खाली होते, की पलीकडचा काठ पुसल्यासारखा झाला होता. आम्ही तिघं बाजेसमोर चटईवर बसलो. स्क्रीनवर छोट्या छोट्या चौकोनांत माणसं होती, मधूनच एखाद्याचा चेहरा गोठायचा आणि पुन्हा चालू व्हायचा. दुसऱ्यांची प्रकरणं होत होती. कुठलं तरी गोदाम, कुठली तरी नोकरी, कोणाचा तरी जामीन. आपा प्रत्येकाबद्दल विचारायची, यांचं काय झालं? मी हळू आवाजात सांगायची. तिला सगळ्यांचीच काळजी वाटत होती.

आमचा नंबर पुकारला गेला तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. मास्तरांनी टोपी नीट केली, जणू तिकडून त्यांना कोणी बघत होतं. नव्या पीठावर दोघेच होते. आमच्या वकिलांनी पहिल्यापासून सांगायला घेतलं, तर डावीकडच्या न्यायमूर्तींनी त्यांना थांबवलं. त्या म्हणाल्या, आधीच्या पीठाने विहिरीच्या वापराबद्दल शपथपत्र मागवलं होतं, ते फाईलला आहे, मी वाचलं आहे. आणि त्यांनी त्यातली एक ओळ वाचली. इंग्रजीत. द वेल इज युवर्स, आय सेड ऑल राइट.

मास्तरांनी माझा हात धरला. त्यांचा हात कोरडा आणि गरम होता.

आपाने विचारलं, "काय म्हणून राह्यल्या बाई?" मी म्हटलं, आपा, त्या तुमचंच बोलणं वाचतायत.

ती पुढे सरकून स्क्रीनकडे बघू लागली. त्या परक्या भाषेत स्वतःचं काही ऐकू येतंय का ते शोधत असावी. पलीकडचे वकील बोलले, आमचे बोलले, मग दोघे न्यायमूर्ती एकमेकांकडे झुकले. त्यांचा आवाज बंद झाला आणि नुसते ओठ हलताना दिसले. तेवढ्यात अंगणात पावसाचे थेंब आले. मास्तरांनी मोबाइलवर छत्रीसारखा हात धरला, पण आत घेऊन जायला कोणी उठलं नाही. आवाज परत आला तेव्हा हुकूम सुरू झालेला होता. खंडपीठाचा निकाल रद्द. देणं झालं होतं, घेणं झालं होतं, ताबा आजही आहे.

स्क्रीनवर पुढचं प्रकरण आलं.

मास्तरांना भरून आलं होतं. या वेळी ते शेवटापर्यंत पोचले होते. आपाने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली की चुलतभावाच्या घरी आधी निरोप द्या, त्यांना दुसऱ्यांकडून कळायला नको.

निरोप मास्तरच घेऊन गेले. किती वर्षांनी त्या उंबऱ्याच्या आत गेले, देव जाणे. मी बोळाच्या तोंडाशी उभी राहून बघत होते. दार उघडं होतं, आत अंधार होता, आणि बराच वेळ ते बाहेर आले नाहीत. आले तेव्हा तोंडात पान होतं. एवढंच म्हणाले, की चुलतभाऊ म्हणाला, बरं झालं, माझ्या पोरांना हे पुढं न्यावं लागलं न्हाई.

दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा गेले, निकालाची प्रत वाचून दाखवायला. विहिरीवर आपा होती आणि चुलतभावाची सून होती, दोन घागरी घेऊन. आपाने दोर तिच्या हातात दिला आणि म्हणाली, हळू ओढ, खालची कडी ढिली झाली आहे. कोर्ट, निकाल यातला शब्दही दोघींपैकी कोणी काढला नाही. मी प्रत पिशवीतून काढलीच नाही. उसाच्या बांधावर बसून राहिले.

मला वकिलीची सनद मिळून आता काही महिने झाले. पत्र्याच्या शेडखालचं टेबल मी एका शिकाऊ मुलीला दिलं. ती माझ्यापेक्षा भराभर टाइप करते. पेपरात अधूनमधून बातमी येते, की दिल्लीत न्यायाधीशांची संख्या वाढवायचं चाललंय, वय वाढवायची मागणी पुन्हा झाली. बैठकीत वकील मंडळी त्यावर तावातावाने बोलतात आणि मला विचारतात, ताई, तुम्ही तर यावर बक्षीस घेतलंय. मी म्हणते, संख्या वाढवा, वय राहू द्या. कोणी कारण विचारलं तर सांगते, नाही विचारलं तर नाही.

मास्तरांचा करार कायद्याचा पेपर दोनदा राहिला. बहिणीचं काम झालं, आता कशाला त्रास घेता, असं कोणी म्हटलं तर ते रागावतात. परवा तिसऱ्यांदा बसले. मी त्यांना सोडायला परीक्षा केंद्रापर्यंत गेले होते. फाटकाशी ते एका पोराला प्रस्ताव आणि स्वीकृती यांतला फरक समजावून सांगत उभे होते, घंटा होईपर्यंत, आणि पोरगं मान हलवत ऐकत होतं.